चोपन्नावर अडलेला पाहुणा

२४ ऑक्टोबर १९८५, टोकियोतलं कोराकुएन स्टेडियम. सेंट्रल लीगचा निकाल आठवडाभर आधीच लागला होता. ओसाकाच्या बाजूच्या हानशिन टायगर्सनी एकवीस वर्षांनी लीग जिंकली होती आणि योमिउरी जायंट्सविरुद्धचा हा शेवटचा सामना खरं तर वेळापत्रकात होता म्हणून खेळायचा होता. तरीही सगळ्यांचं लक्ष एका माणसाकडे होतं. टायगर्सचा रँडी बॅस. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा, दाढीवाला, डावखुरा. मोसमात त्याचे ५४ होमरन झाले होते. जपानी व्यावसायिक बेसबॉलमधला विक्रम होता ५५ चा, १९६४ साली सादाहारू ओ यांनी केलेला. आणि त्या दिवशी समोरच्या जायंट्स संघाचे मॅनेजर होते खुद्द सादाहारू ओ.

बॅस पाच वेळा बॅट घेऊन उभा राहिला. चार वेळा त्याला फुकटात पहिल्या बेसवर पाठवण्यात आलं. पाचव्या वेळी त्यानं खूप बाहेर जाणाऱ्या चेंडूपर्यंत कशीबशी बॅट पोचवली आणि एका बेसचा फटका मिळवला. होमरन मारण्याजोगा चेंडू त्याला कोणी टाकलाच नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे गोलंदाजानं मुद्दाम वाइड टाकत राहायचं म्हटलं, तर दर वाइडला धाव जाते आणि चेंडू पुन्हा टाकावा लागतो. तो डाव त्यालाच महागात पडतो. बेसबॉलमध्ये तसं नाही. पिचरनं ठरलेल्या चौकटीबाहेर चार चेंडू टाकले की बॅटर चालत पहिल्या बेसवर जातो. किंमत काय, तर एक बेस. समोरचा बॅटर धोक्याचा असेल तर ही किंमत स्वस्त पडते, आणि नियमात त्यात काहीही गैर नाही. फरक इतकाच, की त्या दिवशी सामन्यातून कोणाचं काही जाणार नव्हतं. धोका फक्त एका आकड्याला होता.

त्या वर्षी जायंट्सकडे कीथ कॉमस्टॉक नावाचा अमेरिकन पिचर होता. बॅसला चौकटीत चेंडू टाकाल तर दर चेंडूमागे एक हजार डॉलर दंड, अशी तंबी एका प्रशिक्षकानं पिचरांना दिली होती, असं त्यानं नंतर सांगितलं. आपण असा काही हुकूम दिला नाही, हे ओ यांचं म्हणणं. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. जिथे सगळ्यांना मालकाचं मन ठाऊक असतं, तिथे हुकूम द्यावा लागतोच असं नाही.

हा बॅस मुळात तिथे पोचला कसा, हे पाहण्यासारखं आहे. जन्म १९५४ चा, लॉटन गावचा. लष्कराचा फोर्ट सिल हा तळ सोडला तर आजूबाजूला गहू आणि गुरं. १९७२ साली मिनेसोटा ट्विन्सनी त्याला घेतलं. त्यानंतरची दहा वर्षं म्हणजे होल्डॉल बांधायचा आणि सोडायचा: मिनेसोटा, कॅन्सस सिटी, माँट्रिऑल, सान दिएगो, टेक्सस. खालच्या दर्जाच्या लीगमध्ये तो राक्षसासारखा खेळे. १९८० साली डेन्व्हर बेअर्सकडून त्यानं ३७ होमरन मारले आणि १४३ धावा घडवून आणल्या. पण वरच्या, म्हणजे मेजर लीगच्या संघात गेला की बाकावर. पाय जड, धाव मंद, क्षेत्ररक्षण बेताचं. सहा मोसमांत मिळून १३० सामने, ९ होमरन आणि सरासरी ०.२१२. म्हणजे शंभर वेळा बॅट चालवली तर एकवीसदा फटका लागला. बेसबॉलमध्ये तीनशेच्या पुढचा बॅटर चांगला समजतात; दोनशे बाराच्या माणसाला कोणी दाराशी उभं करत नाही.

अशा माणसांसाठी जपान हा एक रस्ता होता. पैसा बरा आणि रोज खेळायला मिळण्याची खात्री. जपानी लोक अशा खेळाडूला ‘सुकेत्तो’ म्हणत, मदतीला बोलावलेला गडी. बोलावल्या कामाचा. पहिल्या संघात परदेशी दोनच ठेवता येत, त्यामुळे ज्याला ठेवलं त्यानं होमरन मारलेच पाहिजेत. मारले नाहीत तर पुढच्या विमानानं घरी.

परगावी पोटासाठी खेळण्याची ही तऱ्हा आपल्यालाही अगदी अनोळखी नाही. लँकेशायर लीगमधले क्लब एकेक व्यावसायिक खेळाडू पगारावर ठेवत, आणि आपली बरीच मंडळी तिथे उन्हाळे काढून आली. १९५२ साली मुंबईचे विनू मांकड हॅस्लिंग्डन क्लबाच्या नोकरीत होते, कारण इंग्लंड दौऱ्यावर निवड नक्की आहे एवढा शब्द द्यायलाही आपलं मंडळ तयार नव्हतं. पहिली कसोटी हरल्यावर धावपळ झाली, क्लबाकडून त्यांना मागून आणलं आणि लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, वर डावात पाच बळी. हॅस्लिंग्डननं मोठ्या मनानं सोडलं म्हणून हे झालं. क्लब, करार आणि माणूस यांचं गणित सगळीकडे असंच कोणाच्या तरी मनावर चालतं.

जपानी बेसबॉलची परदेशी माणसाशी असलेली देवघेव मात्र जास्त गुंतागुंतीची आहे, आणि ती व्यावसायिक खेळाइतकीच जुनी आहे. जायंट्सच्या सुरुवातीच्या मोठ्या पिचरांपैकी एक व्हिक्टर स्टारफिन. रशियात जन्मलेला, क्रांतीनंतर पळून आलेल्या आईबापांबरोबर उत्तरेतल्या आसाहिकावा गावी वाढलेला, कोणत्याच देशाचा नागरिक नसलेला. १९३४ साली तो शाळकरी मुलगा होता. वडील खुनाच्या आरोपात तुरुंगात आणि कुटुंबाला देशाबाहेर काढतील ही भीती. अशा मुलाला ‘आमच्या संघात ये’ असं कोणी म्हटलं, तर त्यात विनंती किती आणि दमदाटी किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. त्यानं १९३९ साली एका मोसमात ४२ सामने जिंकून दिले. महायुद्ध आलं तेव्हा त्याला नाव बदलून ‘सुदा हिरोशी’ व्हावं लागलं. पुढे तर कारुइझावाला, जिथे परदेशी लोकांना नजरेखाली ठेवत, तिथे त्याला धाडलं. युद्धानंतर तो परत खेळला आणि ३०० विजय गाठणारा जपानमधला पहिला पिचर झाला. १९५७ मध्ये त्याच्या गाडीची ट्रामशी टक्कर होऊन तो गेला. १९६० मध्ये त्याला बेसबॉलच्या सन्मान दालनात बसवलं.

१९५१ मध्ये आला हवाईचा वॉली योनामिने. आईबाप जपानी वंशाचे, पासपोर्ट अमेरिकेचा, आणि युद्ध संपून सहाच वर्षं झालेली. अमेरिकन फुटबॉल खेळून आलेला हा गडी बेसवर असा घसरत जाई की समोरचा उडून पडे. प्रेक्षक दगड मारत. हळूहळू दगड थांबले आणि इतर संघ तसं घसरायला शिकले. १९६० च्या मोसमानंतर जायंट्सनी त्याला मोकळं केलं.

त्यानंतर जायंट्सचे लागोपाठ नऊ अजिंक्यपदांचे दिवस आले, १९६५ ते १९७३. आमच्या संघात एकही परदेशी नाही, सगळे अस्सल जपानी, अशी त्यांची शेखी असे. या अस्सल जपानी संघाचा सर्वांत मोठा बॅटर कोण? तर सादाहारू ओ, ज्यांचे वडील चिनी आणि ज्यांचा पासपोर्ट तैवानच्या चीन प्रजासत्ताकाचा. शाळेत असताना, १९५७ साली, केवळ जपानी नागरिक नाहीत म्हणून त्यांना राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत खेळू दिलं नव्हतं. त्याच संघात काही वर्षं कानेदा मासाइची होता, ४०० सामने जिंकणारा पिचर, वंशानं कोरियन. तेव्हा ‘परदेशी’ म्हणजे नेमकं कोण, याचा निकाल कागदावर लागत नसे. दिसण्यावर आणि सोयीवर लागत असे. आणि नऊ वर्षांची ती मालिका मोडली कोणी? १९७४ साली चुनिची ड्रॅगन्सनी. त्यांचा मॅनेजर वॉली योनामिने. अशी परतफेड कादंबरीत घातली तर वाचक विश्वास ठेवणार नाही.

चालत पाठवण्याची युक्तीही बॅससाठी नव्यानं काढलेली नव्हती. १९६५ मध्ये हानक्यू ब्रेव्हजचा डॅरिल स्पेन्सर होमरनच्या यादीत नोमुरा कात्सुयाशी बरोबरी करत होता. मोसम संपत आला तसे त्याला चेंडूच मिळेनासे झाले. वैतागून तो एकदा उलटी बॅट धरून, मुठीकडची बाजू वर करून उभा राहिला. तरीही पिचरनं त्याला चालतच पाठवलं.

अशा मुलखात १९८३ साली बॅस येऊन दाखल झाला. संघ मिळाला तोही टायगर्स. हानशिन ही ओसाका आणि कोबे यांच्यामध्ये धावणारी खासगी रेल्वे कंपनी. संघ तिचा, आणि १९२४ मध्ये बांधलेलं कोशिएन मैदानही तिचंच. कोशिएन म्हणजे जपानची पंढरी म्हणायला हरकत नाही, कारण देशभरच्या शाळांची उन्हाळी स्पर्धा तिथेच भरते आणि हरलेली मुलं तिथली माती पिशवीत भरून घरी नेतात. टायगर्स मात्र त्या मैदानाला शोभेल असं काही करत नव्हते. १९६४ नंतर लीग नाही, आणि दोन लीगच्या विजेत्यांमधली जपान सिरीज तर जन्मात कधी जिंकलेली नाही. तरीही दर सामन्याला पिवळे-काळे कपडे घालून, ढोल-बिगुलं घेऊन माणसं हजर. संघ हरला की शिव्या, जिंकला की त्याहून जास्त शिव्या, की एवढी वर्षं कुठे होतात म्हणून. टोकियोकडे राजधानी, पैसा, वर्तमानपत्रं आणि जायंट्स, ओसाकाकडे टायगर्स. जायंट्सना हरवलं की बाकीचा मोसम कसाही गेला तरी चालायचं.

पहिल्या वर्षी बॅसचं बस्तान बसायला वेळ लागला. त्यातली एक गोष्ट फार तपशिलाची आणि म्हणूनच मला आवडणारी आहे. कोशिएनवर समुद्राकडून वारा येतो, तो उजव्या बाजूकडून डावीकडे वाहतो. डावखुऱ्या बॅटरचा जोरकस फटका साहजिकच उजवीकडे जातो. तिथे तो थेट वाऱ्याच्या तोंडी सापडतो. होमरन वाटलेला चेंडू हवेतच थबकतो आणि क्षेत्ररक्षकाच्या हातात पडतो. अमेरिकेत दहा वर्षं जोर लावून खेळलेल्या माणसानं काय करावं? बॅसनं जोर लावणं सोडलं. चेंडू थोडा उशिरा, बाहेरच्या बाजूला घ्यायचा आणि डावीकडे लोटायचा. उरलेलं काम वारा करतो. कोणाशी भांडायचं नाही हे कळायला काहींना आयुष्य लागतं, त्याला एक-दोन मोसम लागले. वेळ मिळेल तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत तो सहकाऱ्यांबरोबर शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळत बसे. ‘इथला खेळ असा, इथली पद्धत तशी’ म्हणत नाकं मुरडणाऱ्या परदेशी खेळाडूंची वाण नव्हती. हा गप्प बसून सोंगट्या हलवायचा.

पहिल्या वर्षी ३५ होमरन, दुसऱ्या वर्षी २७ पण सरासरी ०.३२६. मग १९८५.

त्या मोसमाची सुरुवात त्याच्यासाठी वाईट होती. एप्रिल अर्धा उलटला तरी एकही होमरन नाही. १७ एप्रिलला कोशिएनवर जायंट्सशी सामना. सातवा डाव, टायगर्स १-३ नं मागे, दोन गडी बेसवर, दोन बाद. समोर माकिहारा हिरोमी, एकवीस वर्षांचा, चेंडू विजेसारखा टाकणारा. बॅसनं तो मधोमध, मैदानाच्या पार टोकाला असलेल्या काळ्या पडद्याकडे भिरकावला. पुढचा बॅटर काकेफु मासायुकी. त्यानंही तिथेच. त्यापुढचा ओकादा आकिनोबु. त्यानंही तिथेच. पाठोपाठ तीन बॅटर, तीन होमरन, एकाच दिशेला. टायगर्स ६-५ नं जिंकले. ओसाका-कोबेच्या कानसाई पट्ट्यात आजही ‘बॅकस्क्रीनचे तीन’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. त्या वेळी जे जन्मलेही नव्हते तेही हातवारे करून दाखवतात.

बचाव, डावपेच, बंट, एकेक बेस पुढे सरकणं हे जपानी बेसबॉलचं व्याकरण. मॅनेजर योशिदा योशिओ स्वतः त्याच व्याकरणात वाढलेला, चपळ शॉर्टस्टॉप म्हणून नावाजलेला. पण हाताशी आलेला संघ वेगळाच निघाला. पिचिंग यथातथाच, मारामारी मात्र अशी, की पाच धावा दिल्या तर आठ करू. बॅसचे ५४, काकेफुचे ४०, ओकादाचे ३५, सलामीच्या मायुमीचे ३४. मोसमात संघाचे मिळून २१९ होमरन.

ऑगस्टमध्ये मात्र सगळं थांबलं. १२ तारखेला संध्याकाळी टोकियोहून ओसाकाला निघालेलं जपान एअरलाइन्सचं १२३ क्रमांकाचं विमान डोंगरावर कोसळलं, ५२० माणसं गेली. त्यांत टायगर्स क्लबाचे अध्यक्ष नाकानो हाजिमु होते. संघ काही दिवस अगदी ढेपाळला, ओळीनं हरत गेला. मग सावरला. शोक आणि जिद्द यांचं नातं लावून देण्याचा मोह लेखकाला होतो. मी एवढंच म्हणेन, की सप्टेंबरमध्ये बॅस आणि काकेफु पुन्हा चेंडू स्टँडमध्ये पाठवायला लागले होते.

१६ ऑक्टोबरला टोकियोतल्या जिंगू मैदानावर याकुल्ट संघाशी ५-५ अशी बरोबरी झाली आणि लीग टायगर्सची झाली. ओसाकाच्या दोतोंबोरी भागात, एबिसु पुलावर, रात्री माणसांचा पूर लोटला. एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं, त्याच्यासारखा दिसणारा गर्दीतून शोधायचा, आणि त्यानं पुलावरून खालच्या गढूळ कालव्यात उडी मारायची, असा खेळ सुरू झाला. काकेफु झाला, ओकादा झाला, मायुमी झाला. बॅसचं नाव आलं आणि पंचाईत झाली. धिप्पाड, गोरा, दाढीवाला माणूस ओसाकाच्या त्या गर्दीत कुठून आणायचा? जवळच केंटकी फ्राइड चिकनचं दुकान होतं आणि दारात कर्नल सँडर्सचा हसरा प्लास्टिकचा पुतळा. गोरा आहे, दाढी आहे, भागलं. उचलला आणि दिला टाकून.

या किश्श्यावर जगभर हसून झालं आहे. पण बॅसची त्या शहरातली जागा याहून नेमकी दाखवता येणार नाही. ‘देव, बुद्ध आणि बॅससाहेब’ असा त्याचा जयघोष होत होता, आणि तरीही सगळ्या शहरात त्याच्यासारखा दुसरा म्हणून एक पुतळाच सापडला.

आठवड्यानं कोराकुएनवर त्याला ते चार वेळा चालत पाठवणं झालं. आणि लगेच दोन दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, सेइबु लायन्सशी जपान सिरीज सुरू झाली. लायन्सकडे हिरोओका तात्सुरो हा शिस्तीचा करडा मॅनेजर होता, ज्याला सगळं आखून-मोजून लागे. पहिल्या सामन्यात आठव्या डावापर्यंत कोणाचीच धाव नाही. मग बॅसनं कुदो किमियासुला तीन धावांचा होमरन मारला, सामना ३-० नं टायगर्सचा झाला. दुसऱ्या दिवशी आणखी एक, तिसऱ्या सामन्यात आणखी एक. मालिका ४-२ अशी टायगर्सनी जिंकली, पहिल्यांदाच. निर्णायक सहाव्या सामन्यात पिचिंग केलं ते दुसऱ्या अमेरिकन सुकेत्तोनं, रिच गेलनं. मालिकावीर बॅस, लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू बॅस. सरासरी ०.३५०, ५४ होमरन, घडवलेल्या धावा १३४, तिन्ही याद्यांत पहिला. याला तिहेरी मुकुट म्हणतात. त्या वर्षी दुसऱ्या लीगमध्ये ओचिआइ हिरोमित्सुनंही तो मिळवला होता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोघे.

१९८६ चा बॅस माझ्या मते १९८५ च्या बॅसपेक्षा मोठा. संघ घसरला, काकेफु जखमी, बाकीचे थकलेले; याला सांभाळून खेळणं पिचरांना अधिक सोपं. तरी त्यानं ०.३८९ ची सरासरी काढली. आजही जपानमध्ये कोणाला ती ओलांडता आलेली नाही. इचिरो २००० साली ०.३८७ वर थांबला. जूनमध्ये तर लागोपाठ सात सामन्यांत होमरन मारून त्यानं एका विक्रमाशी बरोबरी केली. तो विक्रम कोणाचा, हे सांगायला नकोच. सातवा होमरन कोराकुएनवर, जायंट्सच्या एगावा सुगुरुला, आणि चेंडू थेट स्टेडियमच्या बाहेर. एगावा समोरासमोर भिडणारा मानी पिचर होता. त्याच्याकडून चार बाहेरचे चेंडू आले नाहीत. मार खाल्ला, पण या गोष्टीत त्याचं नाव चांगल्या अर्थानं घेतलं जातं.

५५ चा आकडा पुढेही असाच राखला गेला. २००१ मध्ये किंतेत्सु संघाच्या टफी ऱ्होड्सचे ५५ झाले. शेवटी फुकुओकाच्या दाइए हॉक्सशी गाठ पडली आणि त्याला चालत पाठवलं. हॉक्सचे मॅनेजर सादाहारू ओ. २००२ मध्ये सेइबुच्या अलेक्स काब्रेराचे ५५ झाले. पुन्हा हॉक्स, पुन्हा तेच. मला ओ यांच्याबद्दल राग येत नाही. शाळेत असताना ज्याला ‘तू आमचा नाहीस’ म्हणून बाहेर ठेवलं, तोच माणूस पुढे ‘आमचं ते आमच्याकडेच राहू दे’ याचं प्रतीक बनला. त्यांचे प्रशिक्षक आणि पिचर त्यांच्यासाठी जे करत होते, ते त्यांच्यासाठी होतं की देशासाठी, हे बहुधा त्यांचं त्यांनाही उलगडलं नसावं. पंगतीला पाहुणा बोलावला, त्यानं पोटभर जेवावं, तोंडभर कौतुक करावं. यजमानाच्या ताटातला मोदक उचलू नये, एवढाच तो नियम.

शेवटी १५ सप्टेंबर २०१३ ला कुरासावचा व्लादिमिर बालेंटिन याकुल्टकडून खेळताना छप्पन्नावर गेला, त्याच दिवशी सत्तावन्न आणि मोसमाअखेर साठ. मोसमाचे बरेच सामने शिल्लक होते, प्रत्येक पिचरला रोज पळून जाणं शक्य नव्हतं. तो छप्पन्नावा होमरन ज्या संघानं खाल्ला, तो हानशिन टायगर्स.

बॅसची गोष्ट मात्र १९८८ मध्येच बिघडली होती, आणि मैदानाबाहेर. १९८७ मध्ये टायगर्स तळाला गेले. बॅसचे तरीही ३७ होमरन. १९८८ च्या मेमध्ये त्याच्या आठ वर्षांच्या मुलाच्या मेंदूत गंभीर दुखणं निघालं. बॅस संघ सोडून सान फ्रान्सिस्कोला गेला, तिथे मुलावर शस्त्रक्रिया झाली. करारात कुटुंबाच्या आजारपणाचा खर्च क्लबानं उचलावा असं कलम होतं. क्लबानं त्यासाठी विमा काढलेला नव्हता. बिलं अमेरिकन रुग्णालयाची. तो परत कधी येणार, कोणत्या तारखेचं ठरलं होतं, कोण काय कबूल झालं होतं, यावर दोन्ही बाजूंची तोंडं दोन दिशांना. जपानी वर्तमानपत्रांतून प्रश्न विचारला जाऊ लागला, की मोसम चालू असताना खेळाडू घरी कसा बसतो? त्या काळच्या जपानी कारकुनापासून खेळाडूपर्यंत कोणीही घरच्या आजारपणासाठी काम सोडलं नसतं, असं म्हणणारे पुष्कळ होते. जूनच्या अखेरीस टायगर्सनी त्याला काढून टाकलं. तेव्हा त्याची सरासरी ०.३२१ होती.

यात भरडला गेला तो एक तिसराच माणूस. फुरुया शिंगो नुकतेच क्लबाचे मुख्य व्यवस्थापक झाले होते. रेल्वे कंपनीतून आलेले, बेसबॉलचा धंदा नवा. खर्च मान्य करायला मालक तयार नाही, अमेरिकेतला माणूस ऐकत नाही, वर्तमानपत्रं रोज दाराशी. १९ जुलैला टोकियोत त्यांनी आत्महत्या केली. करार कोणी केला, विमा काढायचं कोणी विसरलं, हे प्रश्न त्यांच्या आधीचे होते. जाब मात्र त्यांना द्यावा लागला. बॅसच्या कारकिर्दीबद्दल ओसाकाचे लोक तासन् तास बोलतात, पण इथे आले की विषय बदलतात. मला ते समजतं.

बॅसला त्यानंतर जपानमधल्या दुसऱ्या कोणत्याच संघानं घेतलं नाही. वय चौतीस, सहा मोसमांत ६१४ सामने, २०२ होमरन, सरासरी ०.३३७. मुलगा वाचला. बॅस लॉटनला जाऊन शेती बघू लागला, नगरपरिषदेत गेला आणि २००४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ओक्लाहोमाच्या सिनेटवर निवडून आला. २०१८ पर्यंत तिथेच होता.

टायगर्स इकडे हरत राहिले. मग लोकांना कर्नल आठवला. १९८८ मध्येच एका टीव्ही कार्यक्रमानं कालव्यात त्याचा शोध घेतला होता; पुतळा मिळेपर्यंत टायगर्स जपान सिरीज जिंकणार नाहीत, हा ‘कर्नलचा शाप’ तिथून पसरला. एका करारातला विमा आणि एका मुलाचं आजारपण यांपेक्षा कोंबडीवाल्याचा शाप मिरवायला केव्हाही बरा. मार्च २००९ मध्ये कालव्याच्या काठी काम करणाऱ्या मजुरांना पुतळा मिळाला. आधी धड, मग पाय. चष्मा आणि डावा हात गायब. तरीही टायगर्स जिंकले नाहीत, त्यामुळे लोक चष्म्याला दोष देऊ लागले.

जानेवारी २०२३ मध्ये बॅसचं नाव जपानच्या बेसबॉल सन्मान दालनात जाहीर झालं, त्याला जपान सोडून जवळपास पस्तीस वर्षं झाल्यावर. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला टायगर्सनी ओरिक्स बफेलोजला सातव्या सामन्यात ७-१ नं हरवून दुसऱ्यांदा जपान सिरीज जिंकली. मॅनेजर होता बॅकस्क्रीनच्या तिघांतला तिसरा, ओकादा. त्या सामन्यात चौथ्या डावात तीन धावांचा होमरन मारून टायगर्सचं खातं उघडलं ते शेल्डन न्यूसी या अमेरिकन सुकेत्तोनं. शिक्षण ओक्लाहोमा विद्यापीठातलं, मोसमातली सरासरी बेताचीच. मोसम संपला तसा टायगर्सनी त्याला पुढचा करार करून ठेवून घेतलं.